दोन होड्यांचा उन्हाळा

मे महिना लागला की गाझियाबादमध्ये सकाळी अकरानंतर रस्ता पांढरा दिसायला लागतो. सोसायटीच्या फाटकावरचा गार्ड ओला गमछा डोक्यावर टाकून बसतो, कूलरच्या भिजलेल्या गवताचा वास जिन्यात भरून राहतो, आणि दिवसातून चार-पाच वेळा सगळं एकदम थांबतं. पंखा, फ्रीज, शेजारच्यांचा टीव्ही. त्या शांततेत मागच्या कडुनिंबावरचा कोकीळ फार जवळ आल्यासारखा ऐकू येतो. मग तळघराशेजारचा जनरेटर खाकरतो आणि घर पुन्हा सुरू होतं. इथे वीस वर्षं काढलेल्या माणसाला याचं काही वाटत नाही. मलाही वाटत नसे. आता लाइट गेली की मी हातातलं काम सोडून मुक्ताच्या खोलीच्या दाराकडे बघतो. खोलीत कुणी नसतं. मुक्ता पुण्याला संख्याशास्त्र शिकते, वसतिगृहात राहते, आणि आठवड्यातून दोनदा फोन करून आईशी बोलते, एकदा माझ्याशी. तरी बघतो.

मी नोएडातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. गेम बनवत नाही. बनवलेल्या गेममधल्या चुका शोधणारी माणसं माझ्या हाताखाली आहेत. साताऱ्याचा माझा मावसभाऊ म्हणतो, "तुझं बरंय. तू खेळलास की पगार, आमचा पोरगा खेळला की मार." मीही हसतो. पण हे काम गमतीचं नाही. दिवसभर एकाच भिंतीवर डोकं आपटून ती भिंत खरंच भिंत आहे ना, हे बघायचं. माझी माणसं ते मन लावून करतात, आणि त्यांच्याबद्दल मला अभिमान आहे. स्वतःबद्दलही होता. त्या उन्हाळ्यापर्यंत तो जरा जास्तच होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या एका ऑनलाइन गेमचा ओपन बीटा होता. ऑफिसात आम्ही त्या गेमला नुसतं 'होडी' म्हणायचो. एक मोठी नदी, तिच्यावर घाट, आणि हजारो खेळाडू आपापल्या होडीत माल भरून या घाटावरून त्या घाटावर नेतात. कुणी एकटं, कुणी चार जणांची टोळी करून. दोन वर्षं आम्ही ती नदी वाहती ठेवायला झटत होतो.

ओपन बीटा म्हणजे काय, हे मी घरी बायकोला, शुभदाला, पंगतीच्या भाषेत सांगितलं होतं. आधी होते ती बंद चाचणी. आचारी वाटीत आमटी काढून घरच्या चार जणांना चाखायला देतो, तशी. निवडक माणसं बोलवायची, त्यांच्याकडून गुपचूप सगळं तपासून घ्यायचं. ओपन बीटा म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाचं दार उघडून रस्त्यावरच्या सगळ्यांना पानावर बसवणं. या, जेवा, पण कुठे काय बिघडलंय ते सांगून जा. चार जणांना आमटी गोड लागली म्हणून चारशे जणांना पुरेल असं नसतं. सर्व्हरवर एकदम गर्दी झाली की काय होतं, जुन्या स्वस्त फोनवर नदी दिसते की नुसता निळा चौकोन, हे घरच्या माणसांकडून कळत नाही. परकी माणसंच ते सांगू शकतात. आपल्या डोक्यातही येणार नाही अशा जागी ती हात घालतात.

आणि शेवटी सगळं पुसतात. लोक तीन-तीन आठवडे खेळून मोठ्या होड्या कमावतात, मित्र जोडतात, आणि शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद करून सगळ्यांची पाटी कोरी केली जाते. हे त्यांना पहिल्याच पानावर सांगितलेलं असतं. तरी लोक येतात. जे उरणार नाही त्याच्यावर इतकी मेहनत करतात, आणि वर आम्हाला नीट फॉर्म भरून कळवतात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्या तीन रकान्यांवर माझा फार जीव आहे. तेवढा प्रामाणिकपणा माणसं एकमेकांशी बोलतानाही पाळत नाहीत. मी तर नाहीच पाळला.

पहिल्या आठवड्यात हजारो रिपोर्ट आले. दिल्लीत विमानतळाजवळच्या द्वारकेहून एकाने लिहिलं की डोक्यावरून विमान गेलं की गेम अडकतो. आम्ही हसलो आणि तरी तपासलं. एका बाईंनी कळवलं, अमुक घाटावर बकरी पाण्यावरून चालते. ती खरंच चालत होती. बकरीचं चित्र आम्ही काढून ठेवलं, भिंतीवर लावायला. हे सगळे रिपोर्ट चाळून त्यांच्यावर शिक्का मारायचं काम शेवटी माझ्याकडे यायचं. हा आधीच आलेला. हा खरा, डेव्हलपरकडे पाठवा. हा आमच्याकडे पुन्हा घडला नाही, बंद करा. हा शेवटचा शिक्का सगळ्यांत सोपा असतो. तो मारताना मनावर काही येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात 'टिटवी' नावाच्या खात्यावरून रिपोर्ट यायला लागले. नाव रोमन लिपीत होतं. इंग्रजी साधं होतं, आणि रिपोर्ट लांब. म्हणणं एकच: वीज जाऊन परत आली की कधी कधी माझ्या दोन होड्या होतात. जुनी होडी मालासकट पाण्यात तशीच तरंगत राहते, आणि त्याच मालाची नवी माझ्या हातात येते. तासाभराने गेम त्यातली एक ठेवतो, आणि ठेवतो ती जुनी. मधल्या तासाभरात कमावलेलं सगळं जातं.

आम्ही करून बघितलं. लॅपटॉपचं नेट बंद केलं, चालू केलं. एकच होडी. ऑफिसातला एक राउटरसुद्धा बंद केला. एकच होडी. मी शिक्का मारला: आमच्याकडे घडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिपोर्ट, सोबत वहीच्या पानाचा फोटो. हिरव्या शाईत आखलेला तक्ता, वेळा लिहिलेल्या. पुन्हा शिक्का. पुन्हा रिपोर्ट. असं सहा वेळा.

एका रविवारी जेवताना मी ती गोष्ट घरी सांगितली. आता लिहितानाही कान तापतात. आमरस होता. मी हातवारे करून त्या टिटवीचा आवाज काढला. "आदरणीय चमू, काल दुपारी वीज सोळा सेकंद गेली होती..." शुभदाला हसू आवरेना.

"बिचाऱ्याला काही कामधंदा नसेल," मी म्हणालो. "काही लोकांना यात स्वतःला मोठं समजायची हौस असते."

मुक्ताने पोळीचा तुकडा ताटातच ठेवला. "मग तू काय उत्तर दिलंस, बाबा?"

"उत्तर काय द्यायचं? ब्लॉक केलं परवा. आता त्याचे रिपोर्ट येणार नाहीत."

"अच्छा," ती म्हणाली, आणि रस वाढून घ्यायला उठून गेली. तिची कॉलेज प्रवेशाची परीक्षा जवळ आली होती. ती गप्प आहे म्हणजे अभ्यासाचा ताण असेल, असं मी धरून चाललो. परीक्षा होईपर्यंत गेमला हात लावायचा नाही, हे मी एप्रिलमध्येच सांगून ठेवलं होतं, आणि माझं सांगणं घरात पाळलं जातं अशी माझी समजूत होती.

टिटवी हा शब्द तिला मीच दिलेला. ती सहा वर्षांची असताना पार्किंगमागच्या खडीवर एका टिटवीने अंडी घातली होती, आणि जवळ जाईल त्याच्या डोक्यावर ती ओरडत फिरायची. दिल्लीकडे वाढलेल्या मुलांकडून मराठी शब्द हळूहळू गळत जातात. गंगाळ, परात, उंबरा, एकेक करून मुक्ताकडूनही गेले. हा तिने ठेवला होता. आमच्या खेळाडूंत असं नाव कोण घेणार, एवढा विचारसुद्धा मी केला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी घरूनच काम करत होतो. तीनच्या सुमारास लाइट गेली. पंखा थांबला, आणि मुक्ताच्या खोलीतून आवाज आला, हळू, एका लयीत: "चौदा, पंधरा, सोळा." जनरेटर सुरू झाला तरी मोजणं थांबेना. मी दार लोटलं. टेबलावर गणिताचं पुस्तक उघडं होतं. शेजारी लॅपटॉप, त्यात आमची नदी, आणि काठाला लावून ठेवलेली एक होडी. मुक्ता दाराजवळच्या राउटरच्या दिव्यांकडे बघत मोजत होती. मांडीवर वही, हिरवा पेन, आणि तो तक्ता.

"मुक्ता, काय चाललंय?"

तिने एक बोट वर केलं, थांब म्हणून. राउटरचा शेवटचा दिवा हिरवा झाला. तिने पडद्याकडे बघितलं. होडीच्या बाजूला अगदी तशीच दुसरी होडी उभी होती, त्याच सामानाची. तिने वहीत आकडा लिहिला.

"तू मला ब्लॉक केलंयस," ती म्हणाली. "म्हणून आता फक्त वहीत लिहिते."

यावर मी जे पहिलं वाक्य बोललो ते असं: "परीक्षा आठ दिवसांवर आलीय तुझी." दोन होड्या माझ्या डोळ्यांसमोर तरंगत होत्या, आणि मी हे बोललो.

"माहितीये. अभ्यासच करत असते. होडी बाजूला सोडून ठेवते नुसती. लाइट गेली की बघते, नाहीतर नाही. लाइट गेल्यावर या गरमीत गणित तसंही होत नाही, यार."

"त्या फॉर्मवर लिहिलंय, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी भाग घ्यायचा नाही. तू तिथे खोटी खूण केलीस."

"हो. ते चुकलं माझं." तिने पडद्याकडे बोट केलं. "पण होड्या दोन आहेत, ते खरं आहे."

"पण का केलंस हे?"

"दोन वर्षं तू जेवताना या नदीबद्दल बोलतोयस. मला बघायची होती."

मी तिच्या पलंगावर बसलो आणि वही मागून घेतली. अठरा दिवसांच्या नोंदी. वीज कधी गेली, जनरेटर किती सेकंदांनी आला, राउटरचे दिवे कधी लागले, होड्या किती. घडलं नाही त्या वेळाही तितक्याच नीट लिहिलेल्या. माझ्या चमूत पंधरा वर्षं काम केलेली माणसं आहेत. अशी वही त्यांच्यातल्या दोघा-तिघांचीच असते. शेवटच्या पानावर तिने तर्कही मांडला होता. नुसता आपला राउटर बंद केला तर हे घडत नाही. खाली जिन्याजवळच्या कपाटात नेटवाल्या कंपनीची पेटी आहे, सगळ्या मजल्यांना नेट देणारी. तिचीही वीज गेली तर परत येताना घराला नेटवरचा नवा पत्ता, म्हणजे आयपी, मिळतो. गेलेल्या खेळाडूची होडी सर्व्हर दोन मिनिटं राखून ठेवतो. त्या दोन मिनिटांत तोच खेळाडू नव्या पत्त्याने परतला, तर सर्व्हर त्याला ओळखत नाही आणि दुसरी होडी देतो.

आमच्या ऑफिसात वीज जातच नाही. म्हणजे जाते, पण तळघरात खोलीभर बॅटऱ्या आहेत, दिवासुद्धा मिचकत नाही. जिथे अंधार होतच नाही तिथे बसून आम्ही अंधारातल्या तक्रारीवर शिक्का मारत होतो. आणि संध्याकाळी घरी येऊन मी स्वतः त्याच अंधारात बसत होतो, जनरेटरची वाट बघत. हे दोन्ही मी एकत्र करून कधी बघितलं नव्हतं.

गेम बाजारात यायला दहा दिवस होते. 'तयार आहे' या कागदावर शेवटची सही माझी. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. टिटवी ब्लॉक होती, मुक्ता कुणाला सांगणारी नव्हती. एक रात्र मी तोही विचार केला, हे लपवत नाही. आणखी एक गोष्ट मला चांगली माहीत होती. आपल्याकडचे पुष्कळ ओपन बीटा मनापासून चाचणीसाठी नसतातच. तारीख ठरलेली असते, जाहिरात लागलेली असते. लोकांना आत बोलवायचं ते गर्दी दिसावी म्हणून. चुका सांगा असं म्हणायचं, आणि सांगितल्या की हसायचं. मी त्यातलाच झालो होतो, आणि झालो कधी ते कळलंही नव्हतं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रिपोर्ट कुणाचे, ब्लॉक कुणी केलं, नियम कुणी मोडला. आमचे प्रमुख कपिल सर पेन फिरवत ऐकत होते.

"पाटणकरजी, मतलब आपकी बेटी ने नियम तोड़ा, आपने सही टेस्टर को ब्लॉक किया, और इसलिए मैं रिलीज़ रोक दूँ?"

"जी, सर."

मागे कुणीतरी हसलं.

"और ये होता किसके घर में है?"

"जिनके घर लाइट जाती है, सर. मतलब लगभग सबके."

सर्व्हरचं काम बघणारी नुसरत तोवर आपली वही पालथी करून तिच्या मागच्या पानावर रेघा ओढत होती. "वापसी में आईपी बदल जाता है?" तिने विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "सर, लड़की ठीक कह रही है. ये मैंने कभी सोचा ही नहीं."

कपिल सरांनी तिला पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ दिला. दुरुस्त गेम रविवारी आमच्या घरी तपासायचा, कारण दुसरीकडे तो तपासता येत नव्हता. रविवारी संध्याकाळी मी सही करायची, किंवा का करत नाही ते सांगायचं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, बीटा संपला. सर्व्हर बंद व्हायच्या आधी खेळाडू आपापल्या होड्या घेऊन एकाच मोठ्या घाटावर जमले. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. काठापासून काठापर्यंत होड्या, आणि गप्पांच्या चौकटीत अनोळखी माणसं एकमेकांना सांभाळून राहा म्हणत होती. मग पडदा निळा झाला. मुक्ताची होडीही गेली. मी विचारलं, वाईट वाटलं का? "ती होडी कुठे खेळायला होती," ती म्हणाली, आणि पुस्तकात मान घातली. परीक्षा गुरुवारी झाली. बरी गेली. मी मनात धरलेलं कॉलेज मिळालं नाही. तिने मनात धरलेलं मिळालं.

रविवारसाठी मला खालची पेटी बंद करायची परवानगी हवी होती. नेटवाल्या माणसाने फोनवर हो म्हटलं. पण त्या पेटीवर आमच्या बाजूची सगळी घरं होती. मी एकेक दार वाजवत गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यागी मॅडम कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दो घंटे नेट बंद? गेम के लिए?"

"बेटी का काम है," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होतो.

"तो पहले ये बोलते ना, भाईसाहब. कर लो."

दुपारी दोन वाजता मी कपाटापाशी उभा होतो. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन रामपाल किल्ली घेऊन आला होता आणि स्टुलावर बसून बघत होता. फोन कानाला लावलेला. सातव्या मजल्यावर मुक्ता राउटरच्या बटणापाशी.

"आता," ती म्हणाली. तिने वर बंद केलं, मी खाली. सोळा सेकंद. मग दोन्ही चालू. मग वाट बघणं.

"एकच."

मी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्यांदा एकच. तिसऱ्यांदा एकच. कपाटातली हवा तव्यासारखी तापली होती, शर्ट पाठीला चिकटला होता.

"तीन झाले, मुक्ता. बास?"

"तुमच्या ऑफिसात तीन वेळा बघून सही करतात?"

"हो."

"वाटलंच," ती म्हणाली. "आता सोळाऐवजी वीस सेकंद. बंद कर."

चौथ्यांदा, पाचव्यांदा. कधी दहा सेकंद, कधी तीस, तिच्या वहीतल्या क्रमाने. आठही वेळा एकच. मी आता घाई करत नव्हतो. ती सांगेल तेव्हा बंद, सांगेल तेव्हा चालू. अठरा वर्षांच्या मुलीच्या हाताखाली मी तासभर काम करत होतो, आणि इतक्या वर्षांत कुणाच्या हाताखाली काम करून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

नवव्यांदा वर बंद, खाली बंद, मग दोन्ही चालू.

"दोन," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, तक्रारही नव्हती. "बाबा, अजून आहे."

"क्या हुआ साहब, पास?" रामपालने विचारलं.

"फेल."

"तो फिर हँस क्यों रहे हो?"

मी हसतोय हे मला त्याने विचारल्यावरच कळलं. वर आलो, दाराशीच उभा राहून कपिल सरांना फोन लावला आणि म्हणालो की मी सही करत नाही. त्यांनी कारण विचारलं, मी नववी वेळ सांगितली. मग ते म्हणाले, "नुसरत को बता दो. और बेटी से पूछो, उसको कितना टाइम चाहिए."

मुक्ता जमिनीवर बसून रिपोर्ट लिहीत होती. त्याच तीन रकान्यांचा. मी पाण्याचा ग्लास तिच्याजवळ ठेवला.

"नवव्या वेळी पेटी नक्की किती वाजता बंद केलीस?" तिने मान वर न करता विचारलं.

"साधारण तीन-दहाला."

"साधारण कसं लिहू, बाबा?"

मी टेबलावरचं घड्याळ मनगटावर बांधलं आणि पेटी पुन्हा बंद करायला खाली गेलो.